खेळत्या क्रिकेटपटूंची संघटना कधी होणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आयपीएलमध्ये कोणाला किती कोटी मिळाले याच्या बातम्या तुमच्या पेपरात दरवर्षी येतात, लोक वाचतात, मीही वाचतो. पण त्या बातम्या वाचून शेजारपाजारच्या लोकांचा एक समज पक्का झालाय की क्रिकेट खेळणारा प्रत्येक पोरगा आता करोडपती आहे, त्याला कसली संघटना न् कसली युनियन. परवा सोसायटीच्या कट्ट्यावर हाच विषय निघाला आणि मी जरा आवाज चढवून बोललो, रात्री झोप लागली नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसलोय. लांबलं तर कापा, पण मधला पैशाचा हिशेब तेवढा ठेवा ही विनंती.

मी एका बँकेत ३४ वर्षं नोकरी केली आणि ती नोकरी मला क्रिकेटमुळे लागली. डावखुरी स्पिन टाकायचो. रणजी काही खेळलो नाही, संभाव्य यादीच्या जवळपासही कधी नव्हतो, पण बँकेकडून टाइम्स शिल्ड आणि पावसाळ्यात क्लबकडून कांगा लीग अशी बावीस वर्षं आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्कवर काढली. तेव्हा मुंबईत पद्धतच तशी होती. वाडेकर स्टेट बँकेत, गावसकर, संदीप पाटील, शास्त्री निर्लॉनमध्ये, वेंगसरकर टाटांकडे. एवढी मोठी माणसं सुद्धा कुठल्या ना कुठल्या ऑफिसच्या मस्टरवर होती, आणि त्यांच्या मागे आमच्यासारखी शेकडो साधी पोरं. मॅच फी म्हणजे चहापाण्याचे पैसे, पण एक तारखेला पगार यायचा. बोट मोडलं तर मेडिकल लीव्ह मिळायची, पगार चालू राहायचा. प्रॅक्टिसला दुपारी सोडायचे. आणि मॅनेजरने सोडलं नाही किंवा इन्क्रिमेंट अडवलं तर युनियनचा माणूस केबिनमध्ये जाऊन बोलायचा. आपण स्वतः तोंड उघडायची गरज नसायची, आणि या गोष्टीचं मोल मला तेव्हा कळलं नव्हतं, आता कळतंय.

त्या नोकऱ्या गेल्या. बँकांची, कंपन्यांची खेळाडू भरती आटली, कित्येक टीम बंद झाल्या. रेल्वे, सर्व्हिसेस सोडले तर रणजी खेळणारा आजचा बहुतेक पोरगा पूर्ण वेळ फक्त क्रिकेट खेळतो. तो खऱ्या अर्थाने प्रोफेशनल आहे, पण त्याच्याकडे मस्टर नाही, पगार नाही, युनियन नाही.

आता हिशेब सांगतो. २०२१ साली बोर्डाने, म्हणजे बीसीसीआयने, डोमेस्टिकची (देशातल्या स्पर्धांची) फी वाढवली. चाळीसच्या वर मॅच खेळलेल्याला दिवसाला ६० हजार, २१ ते ४० वाल्याला ५० हजार, त्याखालच्याला ४० हजार. राखीव खेळाडूला त्याच्या निम्मे. वाढ चांगलीच होती, त्याआधी दिवसाला ३५ हजार होते, त्याबद्दल बोर्डाला श्रेय दिलंच पाहिजे. रणजीत एलिट गटातल्या टीमला साखळीत ७ मॅच, म्हणजे २८ दिवस. नवीन पोरगा सगळ्या मॅच खेळला तर ११ लाख २० हजार. ऐकायला उत्तम. पण सगळ्या मॅच खेळला तर! तीन मॅचनंतर ड्रॉप झाला आणि पंधरातूनही बाहेर गेला की तिथून पुढे शून्य. पाय मुरगळला, सीझन गेला, शून्य. देशाकडून खेळणाऱ्यांना वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट आहे, खेळो न खेळो ठरलेली रक्कम मिळते, पण त्याखालच्या माणसाला बोर्डाकडून तशी काही हमी नाही. मुंबई असोसिएशनने २०२४ मध्ये ठरवलं की बोर्ड जेवढी फी देतं तेवढीच आम्ही वर आणखी देऊ. फार चांगलं केलं, पण ते मुंबईचं झालं, आणि तेही मॅच खेळलात तर.

माझ्या बहिणीचा मुलगा रणजी खेळलाय, १४ मॅच. कुठल्या राज्याकडून ते लिहीत नाही, कारण तो अजून खेळतोय आणि मामाच्या पत्राचा त्याला त्रास नको. दोन वर्षांपूर्वी सीझनच्या आधीच्या कॅम्पमध्ये फील्डिंग करताना त्याचा गुडघा गेला. मॅचमध्ये नाही, कॅम्पमध्ये, त्यामुळे ऑपरेशनचा खर्च कोणी द्यायचा यावर चार महिने नुसते फोन चालले. आज साहेब नाहीत, फाइल वर गेलीय, पुढच्या मीटिंगला बघू. शेवटी बहिणीने एफडी मोडली. त्याची आदल्या सीझनची अर्धी फीसुद्धा तेव्हा यायची होती, ती पुढचा सीझन सुरू झाल्यावर आली. मी त्याला म्हटलं अरे तू लेखी पत्र दे, तारीख टाक, पोचपावती घे, बँकेत आम्ही असंच करायचो. तो म्हणाला, मामा, तुमच्या मागे युनियन होती, मी एकट्याने पत्र दिलं तर म्हणतील हा पोरगा कटकट्या आहे, आणि पुढच्या वर्षी संभाव्यमध्ये नाव येणार नाही, का आलं नाही हे विचारायची पण सोय नाही. सव्वीस सत्तावीस वर्षांचा पोरगा, सिलेक्शन ज्यांच्या हातात त्यांच्याशीच पैशाचं भांडण कसं करेल? म्हणूनच मधे कोणीतरी लागतं.

आता लोक म्हणतील संघटना आहे की. हो, आहे. इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन, २०१९ च्या जुलैमध्ये रजिस्टर झाली आणि बोर्डाने मान्यता दिली. बोर्डाच्या कारभारात सुधारणा सुचवायला सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या लोढा समितीने शिफारस केली होती, कोर्टाने २०१६ मध्ये ती मान्य केली, तरी संघटना यायला तीन वर्षं गेली. तिचे दोन प्रतिनिधी, एक पुरुष एक महिला, बोर्डाचा कारभार बघणाऱ्या अपेक्स कौन्सिलवर बसतात, आयपीएलच्या गव्हर्निंग कौन्सिलवर एक. पहिल्या निवडणुकीत अशोक मल्होत्रा अध्यक्ष झाले, अंशुमान गायकवाड आणि शांता रंगास्वामी कौन्सिलवर गेले. कोविडमध्ये या संघटनेने पैसे गोळा करून अडचणीतल्या जुन्या खेळाडूंना मदत पोचवली, गावसकर, कपिल यांनी हातभार लावला. ही कामं खरी आहेत आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे.

पण सभासद कोण होऊ शकतो? फक्त रिटायर झालेला. आज खेळणारा, आज ज्याची फी अडकलीय, आज ज्याचा गुडघा गेलाय, तो सभासद होऊच शकत नाही. लोढा समितीनेच तशी चौकट आखली आणि वर हेही सांगितलं की ही ट्रेड युनियन नसेल. आमच्या बँकेत जर कोणी म्हटलं असतं की युनियन फक्त पेन्शनरांची असेल, तर आमच्या पगारवाढीचं कोण बोललं असतं?

जगात काय आहे ते बघा. इंग्लंडमध्ये फ्रेड रमसे नावाच्या फास्ट बोलरने १९६७ मध्ये कौंटीच्या खेळाडूंना एकत्र आणलं, ती संघटना आजही आहे, आणि कौंटीत खेळणारी पोरं तिची सभासद असतात. ऑस्ट्रेलियात १९९५ पासून आहे, न्यूझीलंडमध्ये २००१ पासून. दक्षिण आफ्रिका, वेस्ट इंडिज, श्रीलंका, बांगलादेश, सगळीकडे आहे. या सगळ्यांची मिळून जागतिक संघटना १९९८ पासून आहे, हल्ली तिचं नाव वर्ल्ड क्रिकेटर्स असोसिएशन. तिच्यात मोठ्या देशांपैकी फक्त भारत आणि पाकिस्तान नाहीत. जगातला सगळ्यात श्रीमंत क्रिकेट बोर्ड आपला, आयपीएलचे नुसते २०२३ ते २७ चे प्रसारण हक्क ४८,३९० कोटींना गेले, आणि ज्यांच्या खेळावर हे उभं आहे त्या चालू खेळाडूंना एकत्र बसून बोलायला टेबल नाही.

ऑस्ट्रेलियातलं २०१७ सालचं प्रकरण मला मुद्दाम सांगायचंय. तिथे वीस वर्षं पद्धत होती की बोर्डाच्या उत्पन्नातला ठरलेला वाटा सगळ्या खेळाडूंना, वरच्यांना आणि राज्याकडून खेळणाऱ्यांनाही. बोर्डाने ठरवलं की आता राज्याच्या खेळाडूंना यातून काढायचं, वरच्यांना मात्र भरपूर देऊ. स्मिथ, वॉर्नर, स्टार्क यांचं त्यात काहीच नुकसान नव्हतं, गप्प बसून सही केली असती तरी चाललं असतं. पण ते बसले नाहीत. ३० जूनला करार संपला, सव्वादोनशेच्या वर खेळाडू एका रात्रीत बेरोजगार झाले, ऑस्ट्रेलिया अ संघाचा दक्षिण आफ्रिका दौरा रद्द झाला, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला बोर्डाने तडजोड केली. राज्याच्या पोरांचा वाटा राहिला, आणि बायकांच्या क्रिकेटचा पहिल्यांदाच त्याच करारात समावेश झाला, त्यांचं मानधन कितीतरी पटीने वाढलं. मोठ्या खेळाडूने धाकट्यासाठी उभं राहायला आधी दोघं एका संघटनेत तर पाहिजेत. आपल्याकडे कोहली, रोहित किंवा बुमराहला वाटलं की विदर्भाच्या किंवा गोव्याच्या राखीव विकेटकीपरसाठी काहीतरी बोलावं, तर कुठल्या मीटिंगमध्ये बोलणार? तशी जागाच नाही.

आपल्याकडे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. १९८९ मध्ये वेस्ट इंडिजचा दौरा संपवून आपले काही सिनियर अमेरिकेत प्रदर्शनी सामने खेळले म्हणून बोर्डाने वेंगसरकर, कपिल, शास्त्री, अझरुद्दीन, किरण मोरे, अरुण लाल या सहा जणांवर वर्षाची बंदी घातली होती, कॅप्टनसकट! प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा ती उठली. मला ते दिवस आठवतात, मैदानावर तंबूत बसून आम्ही सगळे तेच बोलायचो की कपिलची ही गत तर आपली काय. नंतर २००२ मध्ये स्पॉन्सरशिपच्या कॉन्ट्रॅक्टवरून वाद झाला, त्याच सुमाराला पतौडी अध्यक्ष आणि अरुण लाल सेक्रेटरी अशी खेळाडूंची संघटना उभी राहिली. बोर्डाने तिला जवळ केलं नाही आणि ती विरून गेली. तेव्हापासून जे काही मिळालं ते बोर्डाने दिलं म्हणून मिळालं. फी वाढली, पेन्शन आली, २०२२ मध्ये महिलांची इंटरनॅशनल मॅच फी पुरुषांएवढी झाली, सगळं चांगलं, पण प्रत्येक वेळी कोणाच्या तरी मनात आलं म्हणून. देणाऱ्याचं मन फिरलं तर काय, याला उत्तर नाही.

पेन्शनचंच बघा. २०२२ च्या जूनमध्ये बोर्डाने पेन्शन जवळपास दुप्पट केली, ज्यांना १५ हजार होते त्यांना ३० झाले. पण फर्स्ट क्लास खेळाडूंसाठी अट आहे की २००३-०४ च्या आधी रिटायर झालेला पाहिजे आणि किमान २५ मॅच पाहिजेत. त्यानंतर जो रिटायर झाला त्याला काही नाही, कारण म्हणे त्याच्या काळात पैसा आला. २००६ ला रिटायर झालेल्या रणजी खेळाडूला आयपीएल मिळालं का? आयपीएल सुरू झालं २००८ ला. म्हणजे मधली एक अख्खी पिढी अशी आहे जिच्या वेळी ऑफिसच्या नोकऱ्या कमी होत चालल्या होत्या, आयपीएल यायचं होतं, आणि पेन्शनच्या तारखेतही ती बसली नाही. हे लोक आज पन्नाशीच्या आसपास आहेत. त्यातले दोघं माझ्या ओळखीचे आहेत, एकजण शाळेच्या पोरांना कोचिंग करतो, दुसरा मैदान भाड्याने देण्याचा धंदा बघतो. दोघांचीही मान ताठ आहे, ते कोणाकडे मागायला जाणार नाहीत, पण म्हणून त्यांचा प्रश्न नाही असं कसं होईल.

आणि अंशुमान गायकवाड. हे लिहिताना हात थांबतो. किंग्स्टनला १९७६ मध्ये वेस्ट इंडिजच्या होल्डिंगचे बॉल अंगावर घेतले, कानावर बॉल लागून ८१ वर रिटायर हर्ट झाला तो माणूस. तोच पुढे खेळाडूंचा प्रतिनिधी म्हणून बोर्डाच्या कौन्सिलवर बसला. त्याला ब्लड कॅन्सर झाला, लंडनला उपचार चालू होते, पैसे कमी पडत होते, आणि त्याच्यासाठी संदीप पाटील यांना जाहीर लिहावं लागलं, कपिल देव म्हणाले माझी पेन्शन घ्या. मग २०२४ च्या जुलैमध्ये बोर्डाने एक कोटी दिले. ३१ जुलैला ते गेले. बोर्डाने पैसे दिले याबद्दल मी वाईट बोलणार नाही. पण कसोटी खेळलेल्या, कोच राहिलेल्या, खेळाडूंचा प्रतिनिधी असलेल्या माणसासाठी मित्रांना हाक मारावी लागते, तर १४ मॅच खेळलेल्या माझ्या भाच्यासाठी कोण कपिल देव येणार आहे? इंग्लंडमधल्या संघटनेचा यासाठी वेगळा ट्रस्टच आहे, आजारी पडलेल्या, मनाने खचलेल्या, घर चालवता न येणाऱ्या खेळाडूला तिथून मदत जाते.

कट्ट्यावर एक मित्र म्हणाला की युनियन आली की संप आला, वेस्ट इंडिजचं वाटोळं युनियननेच केलं. त्याचा मुद्दा मी टाळत नाही, कारण तो निम्मा खरा आहे. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये वेस्ट इंडिजची टीम धरमशालाची वनडे खेळून दौरा अर्धवट टाकून घरी गेली, आपल्या बोर्डाने त्यांच्याकडे ४ कोटी डॉलरच्या वर भरपाई मागितली. पण भांडण कशावरून होतं? त्यांच्याच संघटनेने बोर्डाशी करार केला होता आणि कॅप्टन ब्राव्हो आणि टीमचं म्हणणं होतं की आम्हाला न विचारता केला. बांगलादेशात २०१९ मध्ये शाकिब, तमीम, मुशफिकुर यांनी आपल्याकडे दौऱ्यावर यायच्या दोन आठवडे आधी खेळायला नकार दिला, त्यांची तर पहिलीच मागणी ही होती की संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनी राजीनामे द्यावेत, कारण संघटना चालवणारेच बोर्डाचे संचालक होते. बाकीच्या मागण्यांत डोमेस्टिकची फी होती. तीन दिवसांत बोर्डाने बहुतेक गोष्टी मान्य केल्या. म्हणजे दोन्हीकडे आग लागली ती संघटना खेळणाऱ्यांची राहिली नाही म्हणून. आपल्याकडे तर खेळणाऱ्यांना आत घेतलेलंच नाही.

आणि संप कोणाला हवाय? क्रिकेटपटूचं करिअर दहा-बारा वर्षांचं, त्यातला एक सीझन घरी बसून काढायची हौस कोणाला नसते. बँकेत माझ्या ३४ वर्षांत संप झाले ते बोटावर मोजण्याएवढे, पण युनियनच्या माणसाने केबिनमध्ये जाऊन मिटवलेली प्रकरणं शेकड्याने असतील, ती कुठे छापून आली नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की आहे त्याच संघटनेची दारं चालू खेळाडूंना उघडा. नवीन दुकान काढायची गरज नाही. रणजीची एक मॅच खेळलेला मुलगा, सिनियर स्पर्धेत राज्याकडून खेळलेली मुलगी, अर्ज केला की सभासद. प्रत्येक राज्यात त्यांनी त्यांच्यातून निवडलेला एक माणूस असावा ज्याच्याकडे फी अडकली, इन्शुरन्स नाकारला, कॅम्पमध्ये दुखापत झाली असं काही असलं की जाता येईल, आणि तो संघटनेच्या लेटरहेडवर लिहील, खेळाडूचं नाव पुढे न करता. राज्यांनी निदान तीस खेळाडूंना वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट द्यावं, रक्कम लहान का असेना, पण महिन्याला काहीतरी येईल अशी. बोर्डाच्या उत्पन्नातला २६ टक्के वाटा खेळाडूंचा, त्यातला निम्मा, १३ टक्के, इंटरनॅशनलवाल्यांचा हे सूत्र दोन दशकं जुनं आहे, तेव्हा आयपीएल नव्हतं. ते आज योग्य आहे की नाही यावर खेळणाऱ्यांना बोलू तर द्या.

मुलींबद्दल दोन शब्द वेगळे लिहितो. पुरुषांना दिवसाला ६० हजार झाले तेव्हा त्यांना साडेबारा हजारांवरून २० हजार झाले होते. नंतर वाढ झाली, आता पुष्कळ बरं आहे. पण एखाद्या वाढीसाठी चार वर्षं थांबावं लागलं तेव्हा त्या काळात ज्या मुली खेळून संपल्या त्यांचं काय? त्यांच्या बाजूने तारीख मागणारं कोणी नव्हतं. शांताताईंसारखी बाई कौन्सिलवर असूनही एवढा वेळ लागला, मग त्यांच्या मागे खेळणाऱ्या पाचशे मुलींच्या सह्या असत्या तर लवकर झालं असतं असं मला मनापासून वाटतं.

आत्ता हे लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेत क्रीडा प्रशासनाचा नवा कायदा पास झाला. त्यात प्रत्येक राष्ट्रीय क्रीडा संघटनेला खेळाडूंची समिती नेमायची आहे आणि कार्यकारिणीत खेळाडूंना जागा द्यायची आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आहे, त्यामुळे बोर्डही या कायद्याच्या कक्षेत येणार असं सरकारनेच सांगितलंय. म्हणजे नियम परत लिहायची वेळ आलीच आहे. त्या खेळाडूंच्या समितीत आज खेळणारी माणसं असतील का, की पुन्हा रिटायर झालेलेच, हे आत्ताच ठरेल. तुमच्याकडे क्रीडा पानावर चांगले वार्ताहर आहेत, त्यांनी हा प्रश्न मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ, बडोदा, गोवा या असोसिएशनच्या पदाधिकाऱ्यांना जाहीर विचारावा, आणि जे उत्तर येईल ते छापावं.

भाचा आता २९ चा आहे. गुडघा बरा झालाय, क्लबकडून खेळतोय, मागच्या महिन्यात ९० रन केले. त्याच्या मॅच पुरेशा आहेत, क्रिकेटर्स असोसिएशनचा सभासद होऊन त्याला त्या ऑपरेशनच्या खर्चाचा विषय काढता येईल का म्हणून मी चौकशी केली. त्यासाठी त्याला आधी रिटायर झालो असं लिहून द्यावं लागेल. मी त्याला ते सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही, किटबॅग उचलली आणि नेट्सला गेला.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी आणि जुना मैदानकरी,
डोंबिवली